रेघेपर्यंत

"ह्याच्यात पाणी कुठून आलं रे?" रोमुआल्ड गाडीखालून म्हणाला, आणि वितेकला त्या प्रश्नात काही विशेष वाटलं नाही. जुन्या गाडीत पाणी असायचंच. पन्नास वर्षं गोठ्यात उभी असलेली लष्करी एम-बहात्तर मोटारसायकल, तीही साईडकारसकट, तिच्यात उंदरांची घरटी सापडली, सुकलेली बेडकी सापडली, तर पाण्याचं काय एवढं. ऑक्टोबरचं ऊन गॅरेजच्या दारातून आत आलं होतं. वितेक स्टुलावर बसून दुसऱ्या पेल्यातला चहा पीत होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, भूमापन कार्यालयात नकाशे काढण्यात जन्म गेलेला, पान्याला हात लावला की बोटं सोलून घेणारा. म्हणून तर त्याने वडिलांची गाडी मित्राच्या हवाली केली होती आणि दर शनिवारी येऊन नुसता बसत होता. "साहेब, उठा जरा," रोमुआल्ड पुन्हा म्हणाला, "ढुंगणाला स्टूल चिकटलं नसेल तर. हे बघ इकडे." त्याने इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर काढून उजेडात धरलं होतं. पसरट पातेल्याएवढं, आतून काळं. आणि त्या काळ्यात, तळापासून दोन बोटं वर, सगळीकडून सारखी फिरलेली एक तांबडी रेघ होती. रेघेच्या खाली सगळा गंज. रेघेच्या वर एक ठिपकासुद्धा नाही.

"ओल धरून असं होत नाही," रोमुआल्ड म्हणाला. "ओल धरली की गंज छतापासून धरतो, ठिपक्याठिपक्यांनी. हे इथे पाणी साठून राहिलेलं आहे, तेलाच्या खाली. कुणीतरी ओतलेलं. आणि ही जाळी बघ, पंप जिथून तेल ओढतो ती. आत दबलीय. पाण्याचा बर्फ झाला, जाळी बंद, वर तेल चढलंच नाही. बेअरिंग जळून गेलंय, पिस्टन सिलिंडरला चिकटलाय. पण चिकटेपर्यंत ह्याने गाडी काय मारलीय म्हणून सांगू! पूर्ण मूठ पिळलेली असणार. ह्या सिलिंडरवर अॅल्युमिनियम नुसतं सारवलंय. तुझा बाप असं चालवायचा?" वितेक म्हणाला, "नाही. बाबा सावकाश चालवायचे." आणि मग त्याला जाणवलं की आपण हे जे बोललो त्याला पन्नास वर्षांत कोणी कधी हरकत घेतलेली नाही. घरात सगळ्यांना ठाऊकच होतं. बाबा सावकाश गेले, वाटेत थांबले, म्हणून वितेकचा धाकटा भाऊ फेलुश मेला.

रोमुआल्ड गप्प बसणारा नव्हे. त्याने चेंबरच्या काठावरून पॅकिंगचा तुकडा नखाने सोडवला. "आणि आणखी गंमत. हे आधी एकदा उघडलेलं आहे. हे कारखान्याचं पॅकिंग नाही, घरी कात्रीने कापलेलंय. पुठ्ठा आहे. पण मला एक कळत नाही, तुझा बाप सरकारी शेतीवर ट्रॅक्टरचा मिस्त्री होता ना? मिस्त्री माणूस झाकण उघडतो, आत पाणी बघतो, जळलेलं बेअरिंग बघतो, आणि तसंच ठेवून, नवं पॅकिंग घालून, बोल्टांना तार बांधून बंद करतो? आठवड्याभराचं काम होतं रे. मी असतो तर निदान पुसलं असतं." त्याने पुठ्ठ्याचा तो वाकडा तुकडा वितेकच्या हातात दिला आणि काढलेले बोल्ट शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. डबा खणखणला. वितेकने सहज तिकडे पाहिलं. तो डबा साईडकारमध्येच मिळाला होता, म्हणून रोमुआल्डने वापरायला घेतला होता. चौकोनी, कडीचा, हिरवा रंग उडालेला. बाहेरून एका अंगाला खिळ्याने मारलेली एक आडवी रेघ. त्या रेघेवरून वितेकची नजर हलेना, आणि का ते कळायला त्याला पुढची काही मिनिटं लागली.

"घासायला घेऊ का हे?" रोमुआल्ड विचारत होता. "वाळूचा मारा दिला की लख्ख होईल." वितेक म्हणाला, "नको. हात लावू नकोस. मी सांगतो तुला." आणि कोट घालून तो बाहेर पडला. कुठे निघालास, चहा अर्धा टाकून, असं मागून काहीतरी ऐकू आलं. ब्यावीस्तोक शहरातला तो रस्ता त्याला तोंडपाठ होता, तरी तो चुकीच्या बाजूला वळला आणि बराच वेळ तसाच चालत राहिला. फुटपाथभर फुलवाल्या बायका बसल्या होत्या. पिवळ्या नि जांभळ्या शेवंत्यांच्या कुंड्या, काचेचे दिवे, मेणबत्त्यांची खोकी. चार दिवसांवर पितरांचा सण आलेला, सगळ्या गावाला आपापल्या थडग्यांची आठवण झालेली. "दिवे घ्या, तीन दिवस जळतात!" एक बाई ओरडत होती. वितेकला पाथरवटाचा निरोप आठवला. फेलुशच्या थडग्यावरचा जुना सिमेंटचा दगड काढून नवा बसवायचा होता, आणि कोणकोणाची नावं कोरायची ते आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. त्याच्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. चालताना त्याची बोटं त्याच्याशीच खेळत होती.

तेल. थंडीच्या दिवसांत बाबा संध्याकाळी कामावरून आले की आधी घरात यायचे नाहीत. इंजिन गरम असतानाच खालचं बूच काढायचे आणि सगळं तेल त्या हिरव्या डब्यात उतरवायचे. मग डबा आत आणून चुलीच्या मागे ठेवायचे. सुवाल्कीकडच्या त्यांच्या गावात पारा उणे पंचवीसला जायचा, तेल रात्रभर इंजिनात राहिलं तर सकाळी त्याचा गोळा व्हायचा. लष्करात असताना हे शिकले होते, गाडीही लष्करानेच काढून टाकलेली घेतली होती, आणि गाडीच्या बाबतीत ते घरातसुद्धा लष्करासारखेच वागायचे. सकाळी कोमट तेल ओतलं की पहिल्या लाथेला गाडी सुरू. डब्यावर रेघ त्यांनीच मारली होती. "वितेक, तू माझा तेलाचा शिपाई," ते म्हणायचे. "सकाळी बघायचं, तेल ह्या रेघेपर्यंत आहे का. कमी असेल तर मला सांगायचं. रेघेपर्यंत म्हणजे रेघेपर्यंत." सात वर्षांचा वितेक गुडघ्यांवर बसून डब्यात डोकावायचा आणि ओरडायचा, "रेघेपर्यंत आहे, कमांडर!" आणि चार वर्षांचा फेलुश, ज्याला काहीच दिसायचं नाही, तोही मागून ओरडायचा. घर हसायचं. आई हसायची. आई तेव्हा हसायची, हे आठवून वितेक रस्त्यातच थांबला. मागून येणारी बाई त्याच्यावर आदळली आणि "झोपेत चालता का हो?" म्हणून पुढे गेली.

आणि मग ती दुसरी आठवण, जी त्याने आयुष्यभर जपून ठेवली होती. बालपणातली सगळ्यात आनंदाची म्हणून. लग्नानंतर बायकोला सांगितली होती, मुलीला झोपवताना कितीदा तरी सांगितली होती. चर्चमागचा उतार, दुपार कलायला आलेली, पोरांच्या घसरगाड्या. मोठी पोरं म्हणाली होती, लष्करी तेल लावलं तर लोखंडी पट्ट्या नुसत्या उडतात. आणि दुसऱ्या दिवशी रविवार, गाडी घरीच, म्हणून डब्यातच राहिलेलं तेल वितेकने मिठाच्या रिकाम्या बरणीतून नेलं, पट्ट्यांना चोळलं, उरलेलं चौघांना वाटलं, आणि त्या दिवशी त्याची घसरगाडी सगळ्यांच्या पुढे, ओढ्याच्या पलीकडे, कुंपणापर्यंत गेली होती. अजून कोणी तिथवर गेलं नव्हतं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. एवढीच गोष्ट तो सांगायचा. मुलगी विचारायची, मग पुढे? पुढे काही नाही, तो म्हणायचा, मग घरी गेलो. घरी गेलो. चुलीमागच्या डब्यात तेल रेघेच्या खाली गेलं होतं, चांगलं चार बोटं. आई घरात नव्हती, मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. बाबा जेवण करत होते, पाठमोरे. रेघेपर्यंत म्हणजे रेघेपर्यंत. त्याने अंगणातून ओंजळभर बर्फ आणला होता, डब्यात टाकला होता, चुलीच्या ऊबेने तो विरघळला होता. मग आणखी एक ओंजळ. मग आणखी. तेल अलगद वर आलं आणि रेघेला टेकलं. किती सोपं होतं. पाणी खाली गेलं आणि वर नुसतं काळं, तकतकीत तेल. सकाळी तो ओरडलासुद्धा असेल, आहे, कमांडर. की नाही ओरडला? त्या सकाळी कोणी विचारलंच नव्हतं. त्या सकाळी फेलुशचा घसा सुजून श्वास कोंडला होता, त्याच्या छातीतून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येत होता, आणि बाबांनी त्याला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून साईडकारमध्ये ठेवलं होतं, डबा उचलला होता, न बघता ओतला होता. रेघेवर विश्वास ठेवून.

बागेतल्या एका बाकावर तो बसला. बावीस किलोमीटरवर इस्पितळ. चौदाव्या किलोमीटरला तिठा, तिठ्यावर दारूची खानावळ. गाडी त्या खानावळीच्या दारात उभी असलेली अर्ध्या गावाने पाहिली होती. बाबा तिथून पुढे फेलुशला छातीशी धरून चालत गेले होते, आठ किलोमीटर, गुडघाभर बर्फातून, आणि पोचले तेव्हा उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी आई आली. घरात शेजारपाजार भरलेला, फेलुश खिडकीपाशी टेबलावर, पांढऱ्या सदऱ्यात. आई रडली नाही. तिने कातडी कोटसुद्धा काढला नाही. ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हिपोलित, गाडी खानावळीपुढे का होती?" वितेक चुलीपाशी बसला होता, त्याच्या नेहमीच्या जागी. बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "थांबलो होतो. थंडी फार होती. एक घोट घेतला." बस. पन्नास वर्षं त्या घरात त्या वाक्यापुढे एक शब्द गेला नाही. आणि ती नजर! वितेकला लहानपणभर वाटत आलं होतं, बाबा आपल्यावर चिडले होते, आपण ऐकलं म्हणून. तो मोठा झाल्यावर त्या नजरेचा त्याने सूड घेतला होता. आईची बाजू घेऊन. लग्नात बाबांना मागच्या टेबलावर बसवून. ते आजारी पडले तेव्हा महिन्यातून एकदा, घड्याळाकडे बघत, भेटून.

खिशातला पुठ्ठा त्याने बाहेर काढला. तेलाने काळा झालेला, कात्रीने बोल्टांच्या भोकांभोवती नीट गोल फिरवलेला. एका कोपऱ्यात निळा रंग दिसत होता. थुंकी लावून त्याने तो पुसला. निळ्यावर छापील चौकट, चौकटीत पेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरांत, "पहिली अ". त्याच्याच पहिलीच्या वहीचं कव्हर. म्हणजे त्याच हिवाळ्यात. फेलुशला पुरल्यावर केव्हातरी बाबा गोठ्यात गेले असणार, चेंबर उघडलं असणार, आणि आत पाणी बघून त्यांना सगळं कळलं असणार. कदाचित तिठ्यावरच कळलं असेल. आणि त्यांनी ते पुसलं नाही, दुरुस्त केलं नाही, विकलं नाही. दुरुस्तीला दिली असती तर दुसऱ्या मिस्त्रीने विचारलं असतं, पाणी कुठून आलं, आणि त्या घरात तेलाचा शिपाई एकच होता. त्यांनी बोल्टांना तार बांधली. एकोणिसाव्या वर्षी वितेक म्हणाला होता, मी ही गाडी चालू करतो, तेव्हा कधी नव्हे ते बाबा ओरडले होते, "इंजिनाला हात लावायचा नाही! मी मेल्यावर काय ते कर." आणि वितेक म्हणाला होता, "का, खानावळीची आठवण येते?" हे आपण म्हणालो होतो. हे आपण आपल्या तोंडाने म्हणालो होतो. बाकावर बसून वितेक हुंदके देऊन रडला, भर दुपारी, आणि शेजारी कबुतरांना पाव टाकणारा म्हातारा हळूच उठून दुसऱ्या बाकावर गेला.

आई चौथ्या मजल्यावर राहायची. गाव सोडून ती वितेकच्या शहरात आली, बाबा तिकडेच राहिले. घटस्फोट वगैरे काही नाही, तशी पद्धत नव्हती त्यांच्यात. एक्याऐंशी वर्षांची गेनोवेफा टेबलावर वर्तमानपत्र पसरून दिव्यांच्या काचा पुसत होती. "आलास? बटाटे भाजलेत, खाऊन घे. तोंड का असं झालंय? त्या खटाऱ्याने लाथ मारली वाटतं." वितेक कोट न काढताच बसला. "आई, पाथरवटाला आज सांगायचंय." "सांगितलंय ना. वर फेलुशचं खरं नाव, फेलिक्स, आणि खाली गेनोवेफा, जन्मसाल, पुढे डॅश. दोन नावं. त्यात विचारायचं काय सारखं सारखं?" बाबा वसंतात गेले तेव्हा तिनेच ठरवलं होतं, त्या पोराशेजारी तो नको. म्हणून हिपोलित आता कुंपणाच्या कडेला होता, लाकडी क्रुसाखाली, अनोळखी माणसांच्या रांगेत. लोकांत नवऱ्याच्या नावाखाली जिवंत बायकोचं नाव कोरून ठेवायची रीत, पुढची तारीख तेवढी कोरी. तिने नाव मुलाच्या खाली मागितलं होतं. सगळ्या गावाने त्याचा अर्थ ओळखला असता, आणि तिला तेच हवं होतं.

"बाबांचं नाव घालू या त्यावर," वितेक म्हणाला. आईने काच खाली ठेवली. "वितेक, हा विषय माझ्याकडे काढायचा नाही." "आई, ते खानावळीत थांबले नव्हते." आणि मग त्याने सांगितलं. बरोबर सांगता येईना. आधी जाळी सांगितली, मग पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला, मग घसरगाडी, मग बर्फ. तो मान खाली घालून बोलत होता, बोटांनी बटण पिळत होता. "पूर्ण वेगाने गेले होते ते. गाडी तिठ्यावर बंद पडली. पाणी मी घातलं होतं, आई. मी."

आई हसली. वाईट हसली. "बरी जुळवलीस. मेल्या, अठ्ठावन्न वर्षांचा झालास नि अजून गोष्टी रचतोस? जिवंत असताना ढुंकून पाहिलं नाहीस त्याच्याकडे, आता मेल्यावर पुळका आला, म्हणून स्वतःच्या अंगावर घेतोस? सात वर्षांच्या पोराने! मला कळत नाही वाटतं? खोटं बोलतोयस तू. बघ, बघ तुझा हात कुठे आहे. तुझा बापही खोटं बोलायला लागला की असंच करायचा, मान खाली आणि बटण पिळायचा. साखरपुड्याला, बैल विकला तेव्हा, दरवेळी. मी ओळखायची. त्या दिवशी माझ्यासमोर उभा राहून, 'थांबलो होतो, एक घोट घेतला' म्हणाला, तेव्हासुद्धा हा असाच..."

ती थांबली. तिचा हात वर उचललेला होता, बटण पिळल्याची नक्कल करत, हवेतच. वितेकने मान वर केली. आई त्याच्याकडे बघत नव्हती. ती खिडकीच्या काचेकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते, काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणून बघितल्यासारखे. मग हात सावकाश टेबलावर आला.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. "बघितलं होतं रे मी ते."

टेबलावरचा पुठ्ठा तिने उचलला, चष्म्याजवळ नेला, 'पहिली अ' वाचलं आणि जिथे होता तिथेच ठेवला. "त्या घरात होते तोवर मी त्याला हाताने वाढलं नाही," ती म्हणाली. "पातेलं टेबलावर आपटायची नि उठून जायची. तो आपला आपण घेऊन खायचा. एकदाही म्हणाला नाही, गेनिया, बस जरा." मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ किती घातलं विचारावं तसं तिने विचारलं, "किती पाणी घातलंस?"

"रेघेपर्यंत."

"कसली रेघ?"

"बाबांनी मारलेली. डब्यावर."

तिने मान हलवली. तिला हात पुढे करता आला असता, वितेक त्याचीच वाट बघत होता, पण तिने तो केला नाही. "तुला काय बोलू ते मला आज सुचत नाही," ती म्हणाली. "आज विचारू नकोस. उद्याही विचारू नकोस." मग ती उठली, कपाटातून सुईदोऱ्याचा डबा काढला आणि म्हणाली, "काढ तो कोट. पडेल ते बटण." वितेकने कोट काढून दिला. तिने चष्मा पुसला, तीनदा दोरा ओवायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा सुई निमूटपणे त्याच्यापुढे धरली. त्याने ओवून दिली. खाली रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती होत नव्हती. आई बटणातून टाका काढत होती, दोरा घट्ट ओढत होती, एकदा, दोनदा, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा.

"पाथरवटाला फोन लाव," ती कोटावरून नजर न काढता म्हणाली. "फेलुशच्या शेजारी त्याचं नाव घालायला सांग. त्याला कुंपणाकडून फेलुशपाशी आणायचं काय ते पाद्रीबाबांना विचारून बघू. आणि माझं नाव सगळ्यात खाली घाल. पायथ्याशी. जागा उरली तर."